स्क्रीनवरचं लाल वर्तुळ मला कोण सांगणार?

मी ऑनलाइन गेम खेळतो म्हटलं की लोक आधी विचारतात, म्हणजे ल्युडो वगैरे का? मी सांगतो नाही हो, तलवारी, मंत्र, ड्रॅगन, गुहा, पाच-सहा जणांची टोळी आणि शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंतचं जागरण, ते सगळं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "पण तुला दिसत नाही ना?" हा प्रश्न मला अजिबात खटकत नाही, उलट तो विचारलाच पाहिजे, कारण त्याचं उत्तर खूप इंटरेस्टिंग आहे आणि ते देणारं मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

थोडं माझ्याबद्दल. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. शाळेत असताना आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि कॉलेज संपता संपता उरलं ते फक्त उजेड आहे की अंधार एवढं कळण्यापुरतं. बँकेत नोकरी करतो, ऑफिसमध्ये आणि घरी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. हा फुकट आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या माणसाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला, तो स्वतः अंध आहे. जगभरात आमच्यासारखे कितीतरी लोक आज नोकऱ्या करतायत त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे असं मी मानतो.

आता गेमकडे. मोठ्या फँटसी गेममध्ये, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट किंवा फायनल फँटसी १४ सारख्या, एखादा राक्षस मोठा वार करणार असेल तर त्याआधी जमिनीवर रंगीत वर्तुळ उमटतं. लाल, केशरी, जे काय असेल ते. त्यातून दोनेक सेकंदात बाहेर पडायचं, नाहीतर मेलात. डोळे असलेल्याला हे इतकं सहज कळतं की त्याला ती "माहिती" आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. पण ती माहितीच आहे, आणि ती फक्त डोळ्यांच्या वाटेने येते. तशीच दुसरी एक माहिती फक्त कानाच्या वाटेने येते, टीमचा लीडर व्हॉइस चॅटवर ओरडतो "डावीकडे पळा" आणि ज्याला ऐकू येत नाही तो तिथेच उभा राहतो. आणि बाहेर पडायचं काम फक्त बोटांच्या वाटेने होतं, वीस-तीस बटणं, दोन्ही हात, वेळेत. म्हणजे अडचण माझ्या डोळ्यांची किंवा दुसऱ्या कोणाच्या हाताची आहे असं वाटतं खरं, पण गेम बनवणाऱ्याने एका गोष्टीला एकच वाट ठेवलीय तिथे ती सुरू होते, आणि दुसरी वाट काढली की माणूस खेळायला लागतो. मी हे स्वतः अनुभवलंय आणि माझ्या आतेभावाच्या बाबतीत अगदी जवळून बघितलंय, त्याचं पुढे सांगतो.

गंमत म्हणजे या सगळ्या गेमचा जो पूर्वज आहे तो आम्हाला पहिल्यापासून खुला आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम केला, त्यात चित्र काहीच नव्हतं, नुसता मजकूर. तुम्ही एका खोलीत आहात, खोलीत काय आहे ते लिहून येतं, उत्तरेला आणि पूर्वेला दार आहे असं लिहून येतं, तुम्ही "नॉर्थ" टाइप करता आणि पुढच्या खोलीत जाता. बाकीचे खेळाडूही तिथेच असतात. पुढे या पूर्ण जातीलाच मड म्हणायला लागले आणि चित्रवाले गेम आल्यावर डोळस लोक हळूहळू तिकडे गेले, आम्ही मात्र इथे जमत गेलो. आजही ऑल्टर इऑन, अकेया असे मड चालू आहेत, दोन्ही नव्वदच्या दशकातले, आणि ऑल्टर इऑनवर तर अंध खेळाडू इतके आहेत की तिथे "मी स्क्रीन रीडर वापरतो" असं सांगितलं की कोणाला आश्चर्यच वाटत नाही. मला पहिल्यांदा तिथे जे वाटलं ते लिहून सांगता येणं कठीण आहे. कोणी कौतुक केलं नाही, कोणी "वा, तरीही खेळतोस" म्हटलं नाही, एकाने विचारलं तुझा हीलर (टोळीतल्यांना बरं करणारं पात्र) कितव्या लेव्हलचा आहे आणि चल म्हणाला.

पण मजकूर आहे म्हणजे आपोआप सगळं सोपं असतं असं मात्र नाही, हे नीट सांगायला हवं. मडमध्ये लढाई सुरू झाली की एका फेरीत आठ-दहा ओळी येतात. याने वार केला, तो चुकला, तुझ्या ढालीवर आदळला, तुझ्या मित्राला विषबाधा झाली, आणि प्रत्येक फेरीनंतर एक प्रॉम्प्ट, म्हणजे तुझी स्थिती सांगणारी ओळ, एचपी (जीव) २१२, माना (मंत्रशक्ती) ८८, मूव्ह (चालण्याची ताकद) १४०. डोळ्यांनी बघणारा प्रॉम्प्टकडे फक्त एक नजर टाकतो. एनव्हीडीए मात्र तो प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचतो, आणि तो आकडे वाचतोय तोपर्यंत वरची विषबाधेची ओळ मागे पडलेली असते. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रॉम्प्ट गप्प करायचा. मग एखादं फंक्शन बटण बांधून घ्यायचं, ते दाबलं की एचपी सांग, नाही दाबलं तर बोलू नकोस. आवाजाचा वेग वाढवायचा, माझा वेग घरच्यांना अजिबात समजत नाही, बायको म्हणते तुझ्या कॉम्प्युटरला कसली घाई झालीय. आणि मग ट्रिगर. मशक्लायंट किंवा मडलेट नावाचे मड खेळायचे फुकट प्रोग्राम आहेत, त्यात सांगता येतं की "विषबाधा" अशा अर्थाची ओळ आली की ती वाचत बसू नको, अमुक आवाज वाजव. अंध खेळाडूंनीच असे पूर्ण साउंड पॅक बनवलेत, तलवारीचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, मित्राचा जीव धोक्यात आला की वेगळी घंटा. हे सगळं लावून झालं की लढाई कानात उलगडते आणि तेव्हा मी कुठल्याही डोळस खेळाडूइतका जलद असतो, कधी कधी जास्तच.

आणि नकाशे! काही मडमध्ये मजकुराच्या वर अक्षरांनी काढलेला नकाशा येतो, रेघा, उभ्या दांड्या, फुल्या. दिसणाऱ्याला छान वाटतो. स्क्रीन रीडर काय करतो तर "डॅश डॅश बार बार स्टार डॅश" असं वाचत सुटतो, प्रत्येक पावलाला. चांगल्या मडमध्ये स्क्रीन रीडर मोड असतो, एक कमांड टाकली की नकाशा जातो, सजावटीच्या ओळी जातात. ज्याने हा मोड लिहिला त्याला किती वेळ लागला असेल? फार नाही. पण तो नसेल तर अंध माणूस दहा मिनिटांत निघून जातो आणि परत येत नाही, आणि गेमवाल्यांना कळतही नाही की कोणी आलं होतं.

चित्रवाल्या गेमचं काय, तर तिथेही वाट निघाली, आणि ती आधी खेळाडूंनी काढली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (पुढे नुसतं वॉरक्राफ्ट म्हणतो) २००४ मध्ये आला तेव्हापासून त्यात अ‍ॅडऑनची सोय आहे, म्हणजे खेळाडू स्वतः छोटे प्रोग्राम लिहून गेमची स्क्रीन बदलू शकतात. कोणीतरी त्यातून स्कू नावाचा अ‍ॅडऑन तयार केला, वॉरक्राफ्ट क्लासिक या गेमच्या जुन्या रूपासाठी, खास अंध लोकांसाठी. यात गेमचे मेनू बाणाच्या बटणांनी फिरता येतात आणि ते बोलतात, आणि चालण्यासाठी आवाजाचे दिवे असतात असं समजा. पुढच्या टप्प्यावर एक आवाज वाजत असतो, तो डाव्या कानात आला की डावीकडे वळायचं, दोन्ही कानांत सारखा झाला की सरळ चालायचं, पोचलात की पुढचा आवाज. हे रस्ते कोणीतरी आधी चालून नोंदवलेले असतात. एवढं अख्खं जग, डोंगर, जंगल, शहरं, कोणीतरी पायवाटा आखून दिल्या म्हणून आमचं झालं. हे काम ज्यांनी केलं त्यांना मी मनापासून मानतो.

आता दादाबद्दल. माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून मोठा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार आहे, कंबरेचे आणि खांद्याचे स्नायू आधी गेले, आता व्हीलचेअर, उजव्या हाताची बोटं चालतात, डावा हात टेबलावर ठेवला तर एक-दोन बोटं दाबता येतात. दादा वॉरक्राफ्ट खेळतो. हीलर. लोकांना वाटतं हीलर अवघड असेल, पण दादाने तो मुद्दाम निवडला कारण हीलरला बघायच्या असतात त्या पाच जणांच्या पाच पट्ट्या, कोणाचं रक्त कमी झालंय ते, आणि त्या स्क्रीनवर एकाच जागी ठेवता येतात. माउसचा बाण पट्टीवर नेला आणि क्लिक केलं की मंत्र त्या माणसावर. आधी माणूस निवडा मग बटण दाबा असे दोन टप्पे लागत नाहीत. माउसच्या जागी ट्रॅकबॉल, कारण त्यात हात हलवावा लागत नाही, अंगठा किंवा बोट फिरलं की झालं.

चालणं हा त्याचा मोठा प्रश्न होता. त्यासाठी आम्ही एक जुगाड केला, म्हणजे खरं काम शेजारच्या डिप्लोमाच्या पोराने केलं. प्रो मायक्रो नावाचं एक छोटं बोर्ड मिळतं, ते यूएसबीला लावलं की कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्ड आहे. त्याला दोन डोअरबेलची बटणं जोडली, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात ती साधी, त्यातल्या एकाची स्प्रिंग त्याने बदलून अगदी हलकी केली, कारण मूळ स्प्रिंग दादाच्या बोटाला जड होती. एक बटण पुढे चालण्याचं, एकदा दाबलं की चालत राहतो, परत दाबलं की थांबतो. दुसरं समोरच्या गोष्टीशी बोलण्याचं किंवा ती उचलण्याचं, कारण वॉरक्राफ्टमध्ये २०२२ पासून असं एकच बटण आलंय, त्याआधी नेमकं त्या वस्तूवर क्लिक करावं लागायचं. एक बटण एकच काम करतं, त्यामुळे गेमच्या नियमातही बसतं. एका दाबण्यात पाच गोष्टी केल्या तर ते बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्राम, धरतात आणि अकाउंट जाऊ शकतं, ही भीती अपंग खेळाडूंना कायम असते, कारण मदतीचं साधन आणि चोरीचं साधन कंपनीच्या मशीनला सारखंच दिसतं. तयार साधनंही आहेत, मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला, त्याला मागे हेडफोनसारख्या पिनची भोकं आहेत, प्रत्येक भोकात हवं ते बटण लावायचं, कोणी पायाने, कोणी हनुवटीने. पण अमेरिकेतच तो जवळजवळ शंभर डॉलरला, वर प्रत्येक बटणाचे वेगळे पैसे, त्यामुळे आमचा डोअरबेलवालाच बरा पडला.

२०२५ च्या जूनमध्ये वॉरक्राफ्टने स्वतःच एक सोय आणली, हल्ला करणाऱ्या पात्रांसाठी एकच बटण, ते दाबत राहिलं की त्या क्षणी योग्य तो वार गेमच निवडतो. बदल्यात दोन वारांमध्ये थोडा जास्त वेळ जातो, म्हणजे नीट शिकून खेळणारा पुढेच राहतो. हीलरला हे लागू नाही, म्हणून दादाने हात जास्त दुखतो त्या दिवसांसाठी एक शिकारी पात्र वेगळं काढलं. यावर इंटरनेटवर जो गदारोळ झाला तो वाचून मला वाईट वाटलं. "मग खेळताच कशाला", "गेम स्वतःच खेळू दे की". ज्यांना वीस बटणं दाबता येतात ते लोक हे लिहितायत. अहो, दादाला राक्षस कधी काय करतो, कुठे उभं राहायचं, कोणाला आधी मारायचं हे सगळं तुमच्याइतकंच डोक्यात ठेवावं लागतं, मरायला तुमच्याइतकंच होतं, फक्त त्याच्या बोटाला दर दीड सेकंदाला वेगळी जागा शोधायला लागत नाही. यात कोणाचं काय गेलं?

एक धाकधूक मात्र आहे. खेळाडूंनी बनवलेली साधनं कंपनीच्या मर्जीवर उभी असतात. २०२५ मध्येच ब्लिझार्डने, म्हणजे वॉरक्राफ्टच्या कंपनीने, सांगितलं की मिडनाइट या गेमच्या पुढच्या भागात लढाईतली बरीच माहिती अ‍ॅडऑनना वापरता येणार नाही, सगळ्यांना सारखी संधी हवी म्हणून. त्याबरोबर गेममध्येच काही सोयी देणार असंही सांगितलं, त्यात लढाईतली माहिती बोलून सांगण्याचीही. हेतू मला पटतो. पण क्रम उलटा हवा ना, आधी गेमची स्वतःची सोय पूर्ण तयार करा, ती ज्यांना लागते त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि मग जुनं बंद करा. एखाद्यासाठी तो अ‍ॅडऑन म्हणजे जास्तीचा फायदा असेल, दुसऱ्यासाठी तो डोळा आहे.

कायद्याने फरक पडतो, हेही मला पक्कं वाटतं. अमेरिकेत २०१० मध्ये एक कायदा झाला, संवादाची साधनं अपंगांना वापरता आली पाहिजेत असा, गेममधलं चॅट त्यात येतं. गेम कंपन्यांना सूट मिळत राहिली आणि ती २०१८ च्या शेवटी संपली. त्यानंतर मोठ्या गेममध्ये चॅट वाचून दाखवणं आणि बोललेलं लिहून दाखवणं जास्त दिसायला लागलं, वॉरक्राफ्टमध्ये २०२१ ला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे. ते प्रकरण केवायसीचं होतं, डोळे मिचकावून दाखवा वाल्या केवायसीचं. लोक म्हणतील बँकेचं ठीक, गेमला कशाला कायदा. मी म्हणतो बँकेत मी दिवसभर असतो, मित्र मला गेममध्ये मिळाले.

मित्रांवरून मॅट्स स्टीनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नॉर्वेचा मुलगा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं पोरगा एकटा पडला, आयुष्य खोलीत गेमसमोर गेलं. त्याच्या ब्लॉगवर वडिलांनी तो गेल्याचं कळवलं आणि युरोपभरातून मेल यायला लागले, लांबलचक, मॅट्सने मला कसा आधार दिला, माझ्या मुलाशी बोलायला कसं शिकवलं. वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन नावाने होता, स्टारलाइट नावाच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, आणि अंत्यसंस्काराला गिल्डचे लोक दुसऱ्या देशांतून आले. त्याच्यावर २०२४ मध्ये डॉक्युमेंटरी आली, त्यासाठी गिल्डने साठवलेली ४२ हजार पानांची संभाषणं वापरली. आत्याने ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी दादाला पहिल्यांदा विचारलं, "अरे, तुझे ते लोक कोण आहेत रे, नावं तरी सांग." दादा तासभर सांगत होता.

मला त्या गोष्टीत सर्वात जास्त लागलं ते हे की मॅट्सने बरीच वर्षं गिल्डला आजाराबद्दल सांगितलंच नव्हतं. सांगायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि चांगली सोय असलेला गेम हा निर्णय तुमच्याकडे ठेवतो. सोय नसेल तर सांगावंच लागतं. "सॉरी, मी हळू आहे कारण..." असं प्रत्येक नव्या टोळीला. दादा याला फार वैतागतो. फायनल फँटसी १४ मध्ये म्हणूनच त्याला बरं वाटलं, तिथे कथेतल्या गुहा कॉम्प्युटरच्या पात्रांना सोबत घेऊन करता येतात, कोणी काढून टाकत नाही, सराव झाला की मग माणसांबरोबर जायचं.

आणि अजूनही जिथे अडतं ते किती क्षुल्लक असतं! एका मोबाइल फँटसी गेमचं खूप ऐकलं होतं, मजकूर भरपूर, आळीपाळीने खेळायचा, घाई नाही, मला अगदी जमण्यासारखा. अकाउंट उघडताना चित्राचा तुकडा सरकवून बसवा असा कॅप्चा आला. टॉकबॅकला, म्हणजे मोबाइलच्या स्क्रीन रीडरला, तिथे काहीच नाही, नुसती रिकामी जागा. ऑडिओचा पर्याय नाही. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की अ‍ॅप अपडेट करा. शेवटी भाचीला बोलावून करून घेतलं, पण दर आठवड्याला लॉगिन गेलं की परत तेच, आणि तिची दहावी. सोडून दिला.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलणं जड जातं त्यांच्यासाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा कथेचा खेळ डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर लिहून खेळणारे ग्रुप फार चांगले, फासे अव्रे नावाचा मदतनीस प्रोग्राम टाकतो, निकाल मजकुरात येतो, मलाही वाचता येतो. एकाच टेबलावर मी आणि ऐकू न येणारा मित्र, दोघांना कसलीच वेगळी व्यवस्था नको. असं फार कमी ठिकाणी होतं.

हे वाचून कोणा अंध मित्राला सुरू करावंसं वाटलं तर एनव्हीडीए असेलच, मडलेट किंवा मशक्लायंट डाउनलोड करा, इंग्रजी जेमतेम असलं तरी चालतं कारण तेच दोन-अडीचशे शब्द परत परत येतात. आपापसात मराठी रोमन अक्षरांत लिहावं लागतं आणि ते इंग्रजी आवाजात विचित्र ऐकू येतं, त्याची सवय होते. आत गेल्यावर नवख्यांच्या चॅनेलवर आधी सांगा की स्क्रीन रीडर आहे, नकाशा बंद करायची आणि प्रॉम्प्ट छोटा करायची कमांड कोणीतरी लगेच देतंच. आणि पहिलं पात्र हीलर घ्या, टोळीत जागा पटकन मिळते.